गाडी चालती ठेवा : डॅटसन २४०झेडची निगा आणि आनंद



जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका ऑनलाइन लिलावात १९७१ सालची डॅटसन २४०झेड ३ लाख १० हजार डॉलरला विकली गेली. नवी असताना अमेरिकेत या मॉडेलची किंमत होती ३,५२६ डॉलर. त्या बातमीनंतर आमच्या ओळखीतल्या बऱ्याच मालकांनी गाडी बाहेर काढणं कमी केलं. जिची किंमत घराएवढी होऊ शकते तिला रस्त्यावर कशाला न्यायचं, असा हिशेब. मला तो पटत नाही. पन्नास वर्षांची गाडी झाकून ठेवली की ती जपली जाते, ही समजूत यंत्रशास्त्राच्या दृष्टीनं चुकीची आहे. आणि २४०झेडच्या बाबतीत तर ती गाडी ज्या हेतूनं बनली त्या हेतूच्याच विरुद्ध आहे.

तो हेतू समजून घ्यायचा तर युताका कातायामा या माणसापासून सुरुवात करावी लागते. जन्म १९०९ चा. १९५८ मध्ये ऑस्ट्रेलियाला वळसा घालणाऱ्या खडतर मोटार-शर्यतीत ते डॅटसनच्या दोन लहान गाड्या घेऊन उतरले आणि त्यांतल्या एकीनं आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला. तरीही डॅटसन बनवणाऱ्या निसान कंपनीतल्या वरिष्ठांशी त्यांचं जमत नव्हतं. १९६० मध्ये त्यांना अमेरिकेला धाडण्यात आलं, ते बढती म्हणून कमी आणि डोळ्यांआड व्हावेत म्हणून अधिक. कातायामांनी त्याचं सोनं केलं. गावोगावच्या विक्रेत्यांना ते स्वतः जाऊन भेटत. सुटे भाग वेळेवर मिळाले पाहिजेत, दुरुस्ती नीट झाली पाहिजे, हा त्यांचा आग्रह असे. अमेरिकेत सगळे त्यांना ‘मिस्टर के’ म्हणत. तिथल्या तरुणांना इंग्लंडच्या उघड्या टपाच्या स्पोर्ट्स कार आवडतात, पण त्या सतत दुरुस्तीला येतात, हे त्यांनी पाहिलं. वेगवान, देखणी, बंद टपाची, रोज सकाळी हमखास सुरू होणारी आणि पगारदार माणसाला परवडणारी गाडी द्या, असा त्यांनी निसानच्या मुख्यालयाकडे धोशा लावला.

गाडीचा आकार योशिहिको मात्सुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवला. या आकाराचं श्रेय पुष्कळ वर्षं आल्ब्रेख्ट गोएर्ट्झ या जर्मन आरेखकाला दिलं गेलं. गोएर्ट्झ निसानचे सल्लागार होते, पण ते त्याआधीच्या प्रकल्पावर. मात्सुओ २०२० मध्ये वारले. त्यांचं नाव आजही फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून ते इथे मुद्दाम घेतो.

ऑक्टोबर १९६९ मध्ये जपानात ही गाडी ‘फेअरलेडी झेड’ म्हणून आली. अमेरिकेत हे नाव चालणार नाही, असं ठरवून कातायामांनी तिथे आलेल्या गाड्यांवरचं नाव काढून ‘२४०झेड’ लावलं. लांब बॉनेटखाली २,३९३ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन, तेव्हाच्या अमेरिकन मोजमापानं १५१ अश्वशक्ती, वजन एक टनाच्या जरा वर. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, पुढे डिस्क ब्रेक. माझ्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट अशी, की हे इंजिन खास या गाडीसाठी कोऱ्या कागदावर काढलेलं नव्हतं. ते निसानच्या साध्या सेडान गाड्यांच्या कुटुंबातलं. त्याचा चार सिलिंडरचा भाऊ डॅटसन ५१० मध्ये होता. म्हणून सुटे भाग स्वस्त होते, मेकॅनिकांना इंजिन माहीत होतं.

याच काळात टोयोटानं २०००जीटी काढली होती. अप्रतिम सुंदर गाडी, पण एकूण बनल्या ३५१. झेडच्या पहिल्या पिढीच्या, म्हणजे २४०, २६० आणि २८० मिळून, १९७८ पर्यंत पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. २०००जीटी संग्रहालयात शोभते. झेडची जागा रस्त्यावर आहे.

रस्त्यावर म्हणजे कसल्या रस्त्यावर, हे पूर्व आफ्रिकेत दिसलं. सफारी रॅली म्हणजे हजारो किलोमीटर चिखल, धूळ आणि खडक. १९७१ मध्ये एडगर हेरमान यांनी २४०झेडमधून ती जिंकली. १९७३ मध्ये जागतिक रॅली विजेतेपदाची स्पर्धा पहिल्यांदाच भरली, तिच्यात सफारीचाही समावेश होता. त्या वर्षी शेखर मेहता आणि स्वीडनचे हॅरी केलस्ट्रॉम यांचे गुण बरोबरीत सुटले आणि निकाल मेहतांच्या बाजूनं लागला. मेहता भारतीय वंशाचे. इदी अमीननं आशियाई लोकांना हाकललं तेव्हा त्यांच्या कुटुंबाला युगांडा सोडून केनियात यावं लागलं होतं. दुसऱ्याच वर्षी २४०झेडच्या चाकामागे बसून त्यांनी ही रॅली जिंकली, आणि पुढे एकूण पाच वेळा जिंकली. मला या गाडीविषयी जी ओढ आहे, तिचं एक मूळ त्या बातमीत आहे.

आता निगेकडे वळतो. नोकरीनिमित्त मी बरीच वर्षं कॅलिफोर्नियात होतो आणि १९७२ ची एक २४०झेड माझ्याकडे होती. तिच्यावर काम करताना जे हाताखालून गेलं ते सांगतो.

इंजिन दणकट आहे, पत्रा नाही. या गाडीचा मुख्य शत्रू गंज. त्या काळचा पातळ पत्रा, आणि पेटीसारख्या बंद भागांच्या आतल्या बाजूला संरक्षण जवळजवळ नाहीच. काचेच्या खाली वायपरपाशी जाळी आहे, तिच्यातून पानं आत जातात, पाण्याची वाट तुंबते आणि पाणी आतल्या आत उभं राहतं. दरवाजा आणि मागचं चाक यांच्यामधल्या खालच्या कोपऱ्यात चिखल साचतो. गालिच्याखालची डांबरी पट्टी ओल धरून ठेवते. बाहेरून रंग लखलखीत असतो, कारण आत पुट्टी भरलेली असते. म्हणून झेड विकत घ्यायला जाताना खिशात एक चुंबक असावं. पुट्टीवर ते चिकटत नाही.

सगळ्यांत घातक जागा बॅटरीखालची. इंजिनच्या खोलीत मागच्या कोपऱ्यात बॅटरी बसते. जुन्या बॅटरीतून आम्लाची वाफ निघते, थेंब सांडतात. ते ताटलीचा पत्रा खातात आणि तिथून खाली चासीच्या पेटीपर्यंत पोचतात. मी बॅटरी काढली, ताटली उचलली, तेव्हा वरचा काळा रंग जवळजवळ शाबूत होता. स्क्रूड्रायव्हरचं टोक हलकेच दाबलं आणि ते रंगातून पलीकडे गेलं. खाली पत्रा नव्हताच, नुसती तपकिरी खपली होती. अशा वेळी पुट्टी भरणं किंवा वरून ठिगळ लावणं म्हणजे स्वतःची फसवणूक. गंजलेला भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापायचा, नवा पत्रा तंतोतंत घडवून वेल्ड करायचा. त्याआधी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं आम्ल धुवायचं, नंतर जस्ताचा प्रायमर आणि बंद पेट्यांच्या आत नळीनं मेण फवारायचं. काम संथ आहे आणि त्याला पर्याय नाही.

दुसरी जागा म्हणजे कार्ब्युरेटर, आणि इथे कष्टाइतकाच आनंद आहे. १९७२ पर्यंतच्या गाड्यांना हिताचीनं बनवलेले गोल घुमटाचे दोन कार्ब्युरेटर असतात. पुढचा तीन सिलिंडरना हवा-पेट्रोल देतो, मागचा उरलेल्या तीनांना. दोघांतून सारखीच हवा गेली पाहिजे. त्यासाठी यंत्र मिळतं, पण मी रबराची नळी वापरत असे. इंजिन पुरतं तापू द्यायचं, एअर फिल्टर काढायचा, नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. एक सुसकारा ऐकू येतो. मग दुसऱ्याच्या तोंडाशी धरायचं. एकाचा स्वर भरदार आणि दुसऱ्याचा बारीक असेल तर स्क्रू किंचित फिरवायचा, पुन्हा ऐकायचं. दोन्ही सुसकारे एकसारखे झाले की इंजिनची थरथर कमी होते आणि हे बॉनेटवर ठेवलेल्या हाताला कळतं.

मग मिश्रण. घुमटाच्या आत एक पिस्टन असतो. तो बाहेरून केसभर उचलायचा. इंजिनचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे. इंजिन गुदमरून बंद पडायला लागलं तर पेट्रोल कमी. वेग क्षणभर चढून जागेवर आला तर मिश्रण बरोबर. घुमटाच्या टोकावरचं बूच काढून आतल्या तेलाची पातळीही पाहायची. हे तेल संपलं की पिस्टन एकदम उसळतो, मिश्रण पातळ होतं आणि अॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अडखळते. कितीतरी मालक याच लक्षणावर प्लग बदलतात, पॉइंट बदलतात, पंप बदलतात. लागत असतं चमचाभर तेल.

टॅपेटची कथा सोपी. थंड इंजिनवर इनटेक व्हॉल्व्हला ०.२० आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हला ०.२५ मिलिमीटर फट, एकूण बारा व्हॉल्व्ह. फिलर गेज आणि संयम असला की पुरे.

विजेचं एक दुखणं मात्र प्रत्येक मालकाला माहीत हवं. हेडलाइटचा सगळा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो. पन्नास वर्षांत त्याचे संपर्कबिंदू काळवंडतात, तापतात, प्लास्टिक वितळायला लागतं. रिले बसवला की जड प्रवाह बाहेरून जातो आणि स्विचवरचा भार उतरतो. मूळपणाचा आग्रह धरणारे याला नाकं मुरडतात. मी रिले बसवला, आणि प्रत्येकानं बसवावा असं माझं ठाम मत आहे. आग लागून मूळ गाडी जळाली तर मूळपणाचं काय करायचं?

तसंच एक्झॉस्टच्या वासाचं. गाडीच्या मागच्या बाजूला चालताना हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर तिथेच घुटमळतो. मागच्या दरवाजाचं रबर किंवा दिव्यांमागच्या पट्ट्या कडक झाल्या असतील तर काच खाली करताच तो धूर आत ओढला जातो. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, म्हणून ‘जुन्या गाड्यांना वास असतोच’ म्हणून सोडून देऊ नये. सगळी रबरं बदलली की वास जातो.

आता सुरुवातीच्या मुद्द्याकडे. उभ्या गाडीत काय काय होतं पाहा. पेट्रोलचा हलका अंश उडून जातो आणि चिकट थर जेटमध्ये बसतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि सिलिंडर आतून गंजतात. कॅमशाफ्टवरून तेलाचा थर ओघळून जातो. सील वाळतात. टायरची नक्षी नवी दिसते, पण रबर कडक होऊन पकड गेलेली असते. त्यामुळे नक्षीवर न जाता टायरच्या कडेवर कोरलेला आठवडा आणि साल वाचावं. काही जण दर रविवारी पाच मिनिटं इंजिन सुरू करून बंद करतात. त्यानं तर आणखी नुकसान होतं. इंजिन तापत नाही, जळण्यातून तयार झालेलं पाणी तेलात आणि सायलेन्सरमध्ये साठतं. पंधरा दिवसांतून एकदा अर्धा-पाऊण तास, तेल नीट तापेपर्यंत, गाडी रस्त्यावर चालली पाहिजे.

आणि चालवण्यातच तर सगळं सुख आहे! लॉस एंजेलिसच्या मागच्या डोंगरात एंजेलिस क्रेस्ट नावाचा रस्ता आहे. पहाटे तिथे गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ठेवायची. स्टिअरिंगला कसलीच यांत्रिक मदत नाही, त्यामुळे रस्त्याचा खडबडीतपणा थेट तळहाताला कळतो. चार हजार फेऱ्यांच्या वर सहा सिलिंडरचा आवाज एकजीव होतो आणि वळणातून बाहेर पडताना गाडी मागच्या चाकांवर किंचित बसते. आजच्या साध्या कौटुंबिक गाड्यासुद्धा तिला मागे टाकतील, पण सत्तरच्या वेगात एवढं समाधान देणाऱ्या गाड्या मी फार थोड्या पाहिल्या. आठवडाभर केलेलं काम इथे तपासलं जातं. कार्ब्युरेटर जुळले की नाही, ब्रेक एका बाजूला ओढतात का, हे गॅरेजमध्ये अर्धंच कळतं.

१९९० च्या दशकात निसाननं स्वतः जुन्या २४०झेड विकत घेऊन, नव्यासारख्या करून विकायचा उपक्रम अमेरिकेत हाती घेतला. खर्च एवढा आला की पन्नास गाड्याही पुऱ्या झाल्या नाहीत. कंपनीला जे पेललं नाही ते हजारो साध्या मालकांनी केलं, शनिवार-रविवारी, स्वतःच्या हातांनी. कातायामा २०१५ मध्ये १०५ वर्षांचे होऊन गेले. ही गाडी आज रस्त्यावर आहे याचं श्रेय त्यांच्याइतकंच या मालकांना आहे.

महाराष्ट्रात झेड क्वचितच सापडेल. पण कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या पद्मिनी अजून अनेकांच्या दारात आहेत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. पद्मिनीचा कार्ब्युरेटर कानानं लावणारे मेकॅनिक आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्या शेजारी बसून हे काम शिकून घेणारी मुलं हवीत, आणि त्यासाठी मालकांनी गाड्या त्यांच्याकडे न्यायला हव्यात. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी जुनी गाडी झाकलेली असेल, पद्मिनी, अँबेसेडर, हेरल्ड, कुठलीही, त्यांना माझी विनंती आहे. पाऊस सुरू होण्याआधी बॅटरी बाहेर काढा आणि खालचा पत्रा दाबून बघा. ब्रेक ऑइल बदला, टायरचं साल वाचा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून नवं भरा. आणि मग गाडी घेऊन निदान अर्धा तास फिरून या.