निशाणी डावे हाताचा अंगठा
(देवराज मोहल्ला, म्हैसूर येथे मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



न शिकलेल्या माणसाला ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून हिणवण्याची आपल्याकडे रीत आहे. वस्तुतः सही गिरवून गिरवून दुसऱ्याला साधते, अंगठा साधत नाही. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारनाम्यावर घेतला, तो त्याने पुढे शब्द फिरवू नये म्हणून. १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. वर्गीकरणाचे श्रम अझिझुल हक व हेमचंद्र बोस यांचे, पद्धतीला नाव मात्र एडवर्ड हेन्रीसाहेबांचे! सरकारी नोकरीतील मंडळींना यात नवल वाटू नये.

ज्यांना आपण शंख-चक्रे म्हणतो त्या रेषा आईच्या उदरातच उमटतात. गर्भ सुमारे तीन महिन्यांचा होत असता बोटाच्या पेरावरची फुगीर उशी ओसरू लागते आणि बाह्यत्वचेचा तळचा थर आत घड्या घालू लागतो. एडिंबरो येथील संशोधकांनी २०२३ मध्ये दाखविले की, या घड्या पेराचा मध्य, नखाजवळची कड आणि सांध्याची वळी अशा तीन ठिकाणांहून लाटांसारख्या पसरतात. लाटा जिथे गाठतात तिथे आकृती ठरते. म्हणूनच जुळ्या भावंडांचेही ठसे निराळे.

मतदानाच्या वेळी बोटाला लागणारी शाई आपल्या म्हैसुरातच तयार होते. १९६२ च्या निवडणुकीपासून ती वापरात आहे. कातडीवरचा तिचा डाग काही दिवसांनी जातो, कारण वरची कातडी झडते. रेषा मात्र पुन्हा जशीच्या तशी वर येते. तिचा साचा खाली असतो.

या रेषा कशासाठी? पकडीसाठी, असे आपण सहज म्हणतो. पण २००९ मध्ये मँचेस्टरच्या प्रयोगात आढळले की, गुळगुळीत पृष्ठभागावर रेषांमुळे उलट स्पर्शाचे क्षेत्र घटते. रेषांच्या माथ्यावर घामाची छिद्रे असतात, त्यांमुळे बोट बेताचे ओलसर राहते. शिवाय खरखरीत वस्तूवरून बोट फिरवताना उठणारी सूक्ष्म कंपने रेषांमुळे अधिक स्पष्ट होतात. मला स्वतःला हे स्पर्शाचे कारणच अधिक पटते. आमच्या मातोश्री तांदळातला खडा न पाहता काढीत.

त्यांचेच सांगतो. कुटुंब-निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावयास त्यांना एका कचेरीत नेले. जन्मभर राखेने भांडी घासलेला, वयाने कोरडा पडलेला अंगठा यंत्राने तीनदा नाकारला. साचा खाली शाबूत असला तरी वरच्या रेषा झिजून सपाट होतात. खिडकीतील गृहस्थ म्हणाले, “जुळत नाही.” आई म्हणाली, “अरे बाबा, समोर उभी आहे ना मी!” त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते, ते मी पाहिले. दाखला न मिळाल्यास पुढचे वेतन थांबणार, हे त्यांना ठाऊक होते.

मी एकेक बोट लावून पाहण्याची विनंती केली. नववे बोट, डावी अनामिका, जुळले. परतताना रिक्षात त्या ते बोट निरखीत बसल्या होत्या. म्हणाल्या, “याच्याकडून मी कधी काही काम घेतले नाही रे.”