यादीतले वय
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली. मुलीने एक्सेल शिकवले, म्हणून मंडळाची यादी माझ्याकडे आली. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या गरजू भगिनींना दरमहा मदत द्यायची, असे आपण ऑगस्ट २०२५ मध्ये ठरवले. वय काढायला मुलीने 'डेटडिफ' हे सूत्र सांगितले. त्यात आधी जन्मतारीख, मग आजची तारीख आणि शेवटी अवतरणचिन्हांत 'वाय' लिहायचे. 'वाय' म्हणजे पूर्ण झालेली वर्षे.

लिहायला बसले, तर एक्सेल इतर सूत्रांची नावे सुचवी, याचे सुचवीना! मला वाटले, माझेच चुकले. पण हे सूत्र लपलेलेच आहे. लोटस वन-टू-थ्री या जुन्या प्रोग्रॅमशी जुळावे म्हणून ते ठेवले आहे. पूर्ण टाइप केले की चालते. पुढची तारीख आधी लिहिली, तर मात्र चूक दाखवते.

आपल्या एका काकूंचे वय ६४ आले. जन्मतारीख तर १० एप्रिल १९६०! त्यांची मदत हुकली असती. सूत्र बरोबर होते. संगणक अमेरिकी पद्धतीने महिना आधी वाचत होता. १०/४ चे त्याने ४ ऑक्टोबर केले. संगणकात तारखेची भारतीय पद्धत लावली, तारखा पुन्हा भरल्या, तेव्हा ६५ आले.

भगिनींनो, संगणकाने चूक दाखवली तर आपण दुरुस्त करतो. चुकीचा आकडा नीटनेटका दिसला की फसतो. म्हणून यादी झाली, की ज्याची त्याला एकदा वाचून दाखवावी.

चूकभूल पदरात घ्यावी.