आधीं नक्कल, मग दुरुस्ती

बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाई येथें दासोपंतांनीं (१५५१–१६१५) एका पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिलें. असें वस्त्र फाटलें, तर सुई लावण्यापूर्वीं अक्षरांची नक्कल घ्यावी, हें कोणीहि मान्य करील. लिनक्सच्या संगणकासहि हाच न्याय लागू आहे.

वीज अकस्मात् गेली, म्हणजे तबकडीवरील लेखन अर्धवट राहतें. नोंदी व साठा यांचा मेळ बसत नाहीं आणि क्वचित् संगणक सुरूच होत नाहीं. २००८ सालीं स्थिर ठरलेली ‘एक्स्ट-४’ ही रचना जर्नल नांवाची रोजनिशी ठेविते. बहुधा तिच्यावरूनच घडी पुन्हां बसते. तेवढ्यानें न भागल्यास पेन-ड्राइव्हवरून संगणक चालवावा आणि बिघडलेला भाग माउंट न करतां ‘एफएससीके’ ही आज्ञा द्यावी. ‘सुपरब्लॉक’ ही मुख्य नोंद बिघडली, तरी तिच्या प्रती अन्यत्र असतात. चार किलोबाइटांचे ठोकळे असल्यास पहिली प्रत सामान्यतः ३२७६८ व्या ठोकळ्यांत सांपडते.

परंतु ही आज्ञा हिशेब जुळविते. हरवलेला मजकूर परत आणीलच असें नाहीं. अनाथ फायली नांवाऐवजीं क्रमांक घेऊन ‘लॉस्ट-अँड-फाउंड’ या कप्प्यांत पडतात. म्हणून कुटुंबाचीं एकुलतीं छायाचित्रें तबकडीवर असतील, तर प्रथम तिची संपूर्ण नक्कल घ्यावी आणि दुरुस्तीचा प्रयोग त्या नकलेवर करावा.