रुग्णाची हकीकत ऐकायची कशी?

दवाखान्यातून घरी आलेल्या माणसाला ‘काय झालं?’ म्हणून विचारलं, तर तो बहुधा एसटीपासून सुरुवात करतो. पहाटेची गाडी, केसपेपरची रांग, राउंडला गेलेले डॉक्टर, बाहेरून औषध आणायला दिलेली चिठ्ठी, त्यासाठी केलेली उसनवारी. निदान येतं ते सगळ्यांत शेवटी, तेही अर्धवट. ऐकणारे आपण त्यातून आजार तेवढा वेचतो आणि बाकीचा फापटपसारा म्हणून सोडून देतो. माझं म्हणणं असं, की आरोग्यसेवा कुठे तोकडी पडते याचा पुरावा त्या सोडून दिलेल्या भागातच असतो.

बेकमन आणि फ्रँकेल या अमेरिकी अभ्यासकांनी 1984 साली 74 भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं. डॉक्टरांनी रुग्णाला सरासरी 18 सेकंदांत थांबवलं होतं. आपलं पहिलं निवेदन पुरं करता आलं ते फक्त 23 टक्क्यांना. गर्दीच्या ओपीडीत एवढं ऐकायला वेळ कुठे आहे, हा आक्षेप रास्त वाटतो. पण ज्यांना बोलू दिलं, त्यांच्यापैकी कोणीही अडीच मिनिटांहून जास्त वेळ घेतला नव्हता. म्हणजे अडचण एकट्या वेळेची नाही. कोणती हकीकत ऐकण्याजोगी, हे आपण आधीच ठरवलेलं असतं. स्वतः कर्करोगातून गेलेले समाजशास्त्रज्ञ आर्थर फ्रँक यांनी 1995 मध्ये दाखवलं, की बरं झाल्याची गोष्ट सर्वांना हवी असते. ‘आणि मग, आणि मग’ करत कुठेच न पोचणारी विस्कटलेली कहाणी मात्र ऐकवत नाही. माझ्या मते व्यवस्थेचं अपयश याच कहाणीत सर्वाधिक दिसतं, कारण सांगणाऱ्याला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर कोणी आणि का पाठवलं, हे कधीच कळलेलं नसतं.

आणि जे सांगितलंच जात नाही, त्याचं काय? गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या. 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. तक्रार दवाखान्यात आली नाही म्हणून दुखणं नव्हतं, असं मानणं किती चुकीचं आहे, हे यातून दिसतं.

एका माणसाची हकीकत म्हणजे पुरावा नव्हे, स्मरण दगा देतं, असंही म्हटलं जाईल. खरं आहे. म्हणून घटना नोंदींशी ताडून पाहिलीच पाहिजे. महाराष्ट्रात 2007 पासून सुरू झालेल्या लोकाधारित देखरेखीतल्या जनसुनवाईचं महत्त्व इथेच आहे: गावकरी आपला अनुभव सर्वांसमोर मांडतात आणि अधिकाऱ्यांना तिथेच उत्तर द्यावं लागतं. मात्र तारीख चुकली म्हणून सबंध हकीकत खोटी ठरत नाही. आपल्याला कोणी काही समजावून सांगितलं नाही, असं एखादी बाई म्हणते तेव्हा केसपेपरवरची सही तिचं म्हणणं खोडून काढू शकत नाही.

म्हणून रुग्णालयांना आणि आरोग्य खात्याला माझी विनंती आहे: तक्रारवहीत केवळ रकाने ठेवू नका. माणूस जसं सांगेल तसं, त्याच क्रमाने लिहून घ्या, आणि चौकशीत काय निघालं ते त्याच पानावर त्याला वाचता येईल असं लिहा.