न दिसणारा प्रकाश : लेसर वेल्डिंगची भिंगे आणि कामगारांचे डोळे



भिलाई हे डोळ्यांच्या भरवशावर काम करणाऱ्या माणसांचे नगर आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून या कारखान्यात कामगारांच्या पिढ्या तयार झाल्या, त्या प्रथम पाहायला शिकल्या. ओपन हार्थ भट्टी चालत असे त्या काळी जुना कारागीर निळ्या काचेतून आत डोकावे आणि उकळत्या रसाचा रंग पाहून पोलाद कितपत तयार झाले आहे याचा अंदाज बांधत असे. येथे धोका असतो तेथे बहुधा तो दिसतो. तापलेला धातू उजळतो, त्याची धग लांबून अंगाला लागते आणि कोणी सांगण्यापूर्वीच माणूस मागे सरतो.

आज ज्या साधनाविषयी मी बोलणार आहे त्याचा स्वभाव नेमका उलट आहे. लेसर वेल्डिंगचा किरण दिसत नाही, त्याचा आवाज होत नाही, आणि तो इजा करतो तेव्हा पुष्कळदा वेदनाही होत नाही. म्हणून पोलादाच्या नगरीत आयुष्य घालवलेल्या माणसालाही येथे आपल्या अनुभवावर एकट्याने विसंबून चालणार नाही. अनुभवाची जागा येथे शिस्तीने घ्यावी लागते, आणि त्या शिस्तीची सुरुवात एका लहानशा काचेच्या स्वच्छतेपासून होते. एवढेच मला आज सांगायचे आहे.

न दिसणारा धोका या नगराला अगदीच अपरिचित आहे असे नाही. १२ जून २०१४ रोजी पोलाद कारखान्यातील पाण्याच्या एका पंपघरात कार्बन मोनॉक्साइड वायू पसरला आणि सहा जणांचा मृत्यू झाला. त्यांत वरिष्ठ अधिकारीही होते. या वायूला रंग नसतो, वास नसतो. ज्ञान, अनुभव आणि अधिकार ही तिन्ही असलेल्या माणसालाही तो जाणवत नाही. तो ओळखतो तो फक्त वायुमापक. लेसरच्या किरणाविषयी बोलताना हे उदाहरण मनाशी असू द्यावे.

आता या साधनाची थोडी ओळख करून घेऊ. लेसरमागील मूळ कल्पना आइन्स्टाइन यांनी १९१७ साली मांडली आणि मेमन यांनी मे १९६० मध्ये अमेरिकेत माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. परंतु माणकाचा किरण क्षणभर लखलखून थांबत असे. कारखान्यात उपयोगी पडेल असा सतत वाहणारा आणि बलवान किरण पुढे ज्या शोधामुळे मिळाला त्याचे श्रेय महाराष्ट्रात जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाकडे जाते. चंद्रकुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीस झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले आणि तेथील बेल प्रयोगशाळेत त्यांनी कार्बन डाय-ऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. १९६४ साली तो जगापुढे आला. त्यानंतर कित्येक वर्षे धातू कापण्याचे आणि जोडण्याचे पुष्कळसे काम याच जातीच्या लेसरने केले. आपल्या देशात या विद्येसाठी १९८४ साली इंदूर येथे प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी झाली. २००५ पासून ते राजा रामण्णा यांच्या नावाने ओळखले जाते.

अलीकडे कारखान्यांतून अधिक प्रचारात आहे तो तंतू-लेसर. त्यात किरण काचतंतूतच निर्माण होतो आणि केसासारख्या बारीक तंतूतून वेल्डिंगच्या शीर्षापर्यंत आणला जातो. शीर्षात एकामागे एक दोन भिंगे असतात. पहिले भिंग तंतूतून पसरत येणारा प्रकाश समांतर करते. दुसरे तो एका बिंदूवर गोळा करते. त्याखाली एक सपाट, पारदर्शक, दोन्ही बाजूंस लेप दिलेली सिलिकेची काच असते. ती प्रकाश वळवीत नाही. धातूचे उडणारे कण आणि धूर भिंगापर्यंत पोहोचू न देणे हे तिचे काम. तिला संरक्षक काच म्हणतात. आजच्या व्याख्यानाची नायिका हीच आहे.

हे सारे किती नाजूक आहे हे थोड्या हिशेबाने कळेल. किरणाची शक्ती २ किलोवॉट, म्हणजे २,००० वॉट आहे असे समजू. घरातील पाणी तापविण्याची शेगडीही इतकी शक्ती घेते. पण हीच शक्ती ०.२ मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यावर एकवटली, की दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६० लाख वॉट एवढी तीव्रता होते. तेथे पोलाद वितळते, एवढेच नव्हे तर त्याची वाफ होते. संरक्षक काचेतून जाताना हा किरण सुमारे २० मिलिमीटर रुंद असतो, म्हणून स्वच्छ काच तो सहज पेलते. परंतु काचेवर धुराचा पातळ थर बसला आणि त्याने किरणाचा केवळ शंभरावा भाग शोषला, तरी त्या चिमुकल्या काचेत २० वॉटची उष्णता सतत साठू लागते.

पुढचा प्रकार लक्षपूर्वक ऐकण्यासारखा आहे. तापलेली काच मध्यभागी अधिक तापते आणि स्वतःच एखाद्या दुबळ्या भिंगासारखी वागू लागते. परिणामी किरण जेथे गोळा व्हायचा तो बिंदू वर सरकतो. पत्र्यावरील ठिपका मोठा होतो, जोड उथळ बसतो. कारागिराला वाटते की यंत्राचे बळ कमी पडले, म्हणून तो शक्ती वाढवितो. शक्ती वाढली की काच अधिक तापते, बिंदू आणखी सरकतो, आणि अखेर काचेला तडा जातो. तडकलेल्या काचेचा धूर व कण वरच्या भिंगावर बसतात आणि थोड्या किमतीच्या काचेबरोबर फार किमतीचे भिंगही जाते. तेव्हा नियम असा की, जोड बिघडू लागला तर शक्तीच्या बटणाकडे हात नेण्यापूर्वी संरक्षक काच पाहावी.

आता डोळ्याकडे वळू; कारण शेवटी भिंग हे भिंगच, यंत्रातले असो की माणसाच्या डोळ्यातले. प्रकाशाच्या तरंगलांबीप्रमाणे इजेची जागा बदलते. कार्बन डाय-ऑक्साइड लेसरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन असते. हा किरण डोळ्याच्या आत शिरत नाही, बाहेरचे पारपटल भाजतो. निदान वेदना तरी होते. तंतू-लेसरची तरंगलांबी सुमारे १.०७ मायक्रॉन असते. तोही अदृश्य, परंतु डोळ्यातील सर्व पारदर्शक भाग त्याला वाट देतात आणि नेत्रभिंग तो थेट दृष्टिपटलावर गोळा करते. बाहुलीपाशी असलेली तीव्रता दृष्टिपटलावर पोहोचेपर्यंत सुमारे एक लाख पटींनी वाढते. भगभगीत उजेड दिसला की पापणी पाव सेकंदात मिटते, हे निसर्गाने दिलेले कवच आहे. पण जो प्रकाश दिसतच नाही त्याला पापणी कशी मिटणार? दृष्टिपटलाला वेदनेची जाणीव नसते. एक काळा डाग नजरेसमोर कायमचा राहतो, तेव्हाच काही घडले हे कळते. जळलेले दृष्टिपटल पुन्हा उगवत नाही.

म्हणूनच अर्ध्या वॉटच्या वरचे सर्व लेसर धोक्याच्या चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या वर्गात मोडतात. या वर्गात सरळ किरणच नव्हे, तर पृष्ठभागावरून विखुरलेला प्रकाशही घातक ठरू शकतो. वेल्डिंगचे काम चकचकीत स्टेनलेस पोलाद, ॲल्युमिनियम, तांबे यांवर चालते, आणि हे धातू किरण परतवितात. शेडच्या दुसऱ्या टोकाला चहा पिणारा हेल्पर वेल्डिंग करीत नाही, पण त्याच्या डोळ्यांना हे ठाऊक नसते. यास्तव कामाची जागा चहूबाजूंनी बंद असावी, आडपडदे लेसरसाठी बनविलेले असावेत आणि आत असलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर चष्मा असावा.

चष्मा कोणता? नेहमीच्या आर्क वेल्डिंगचा काळा मुखवटा या कामी प्रमाण मानता येत नाही. लेसरच्या चष्म्यावर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात : तो कोणत्या तरंगलांबीसाठी आहे आणि त्याची प्रकाशीय घनता किती. घनता ६ असेल तर प्रकाश दहा लाखांत एक भाग उरतो. एका जातीच्या लेसरचा चष्मा दुसऱ्या जातीच्या लेसरला चालेलच असे नाही. आणि योग्य चष्माही असतो तो चुकून आलेल्या किरणासाठी. तो घालून किरणाकडे पाहण्याचा परवाना मिळत नाही.

लेसरच्या अपघातांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट वारंवार आढळते. इजा पुष्कळदा उत्पादन चालू असताना होत नाही. ती किरणाची जुळणी आणि देखभाल करताना होते. त्या वेळी झाकण उघडे असते, इंटरलॉक तात्पुरता बांधून ठेवलेला असतो आणि चष्मा कपाळावर चढविलेला असतो. म्हणूनच काच सांभाळणे आणि माणूस सांभाळणे ही दोन कामे नव्हेत, असे मी म्हणतो.

देखभालीची रीत अशी असावी. पोलाद कारखान्यात यंत्र दुरुस्तीपूर्वी शटडाउन घेतात, वीज तोडून कुलूप लावतात आणि चिठ्ठी अडकवितात. येथेही तेच करावे. यंत्राची किल्ली काच बदलणाऱ्याच्या खिशात असावी. शीर्ष थंड होऊ द्यावे, कारण पुढे वापरायचे अल्कोहोल ज्वालाग्राही असते. आधी शीर्षाचा बाहेरचा भाग पुसून घ्यावा. नाहीतर उघडताच बाहेरची धूळ आत पडेल. ते शक्यतो आडवे धरून उघडावे आणि काच बाहेर काढताच उघडे तोंड स्वच्छ चिकटपट्टीने झाकावे. हातात पूड नसलेले मोजे असावेत, कारण बोटांचा तेलकट ठसा किरणाखाली जळतो आणि कायमचा डाग होतो. काच नेहमी कडेने धरावी.

नंतर काच तिरप्या उजेडात पाहावी. सैल धूळ रबरी फुग्याच्या हवेने उडवावी. तोंडाने फुंकू नये, त्यात ओलावा असतो. कॉम्प्रेसरची हवा मारू नये, तिच्यात तेल असते. मग भिंगासाठीच्या कागदावर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थोडे थेंब टाकून तो कागद काचेवरून एकदाच, एकाच दिशेने, दाब न देता ओढावा आणि फेकून द्यावा. दुसऱ्या वेळी दुसरा कागद. घासायचे नाही, गोल फिरवायचे नाही, सदऱ्याचे टोक तर मुळीच नाही. जळालेला ठिपका वा लेपावरील चरा पुसून जात नाही. अशी काच बाद करावी. कार्बन डाय-ऑक्साइड लेसरची भिंगे झिंक सेलेनाइडची असतात. ते विषारी असल्याने फुटलेल्या वा जळालेल्या भिंगाला उघड्या हाताने शिवू नये आणि त्याचे तुकडे साध्या कचऱ्यात टाकू नयेत. तंतूचे टोक तर सर्वांत नाजूक. त्याचे टोपण विनाकारण काढू नये, आणि लेसर पूर्ण बंद असल्याची खात्री झाल्याखेरीज सूक्ष्मदर्शकातून त्याकडे कधीही पाहू नये.

काच बसविल्यावर तिची तारीख वहीत लिहावी. किती तासांनी काच बदलावी लागली हे त्या वहीतून दिसते आणि तेच यंत्राच्या प्रकृतीचे मानचित्र होय. काचा एकाएकी लवकर खराब होऊ लागल्या तर दोष काचेचा नसतो. आडवा हवेचा झोत मंदावलेला असतो, वायूच्या तोटीचे तोंड जळलेले असते, किंवा पत्र्यावर तेल व जस्त राहिलेले असते. जस्ताचा आणि स्टेनलेस पोलादाचा धूर फुप्फुसांनाही अपायकारक आहे, तेव्हा धूर ओढून घेणारे यंत्र हवेच. आरगॉन वायू हवेहून जड असतो. बंद, खोलगट जागेत तो साचतो आणि श्वास कोंडतो.

शेवटचा मुद्दा हातात धरून चालवायच्या लेसर यंत्रांचा. ती आता लहान कारखानदारालाही परवडू लागली आहेत आणि शिकायला सोपी आहेत. हीच त्यांची मोहिनी आणि हाच त्यांचा धोका. अशा यंत्रांत साधारणपणे अशी सोय असते की, तोटी कामाच्या धातूला टेकल्याखेरीज किरण निघू नये. त्यासाठी जोडलेला चिमटा धातूला लावायचा असतो. घाईच्या दिवसांत हा चिमटा तोटीलाच लावून ठेवण्याची युक्ती कोणाला तरी सुचते, आणि त्या क्षणापासून ते यंत्र कोणत्याही दिशेस अदृश्य किरण सोडू शकते. ही युक्ती कामगार मौजेखातर करीत नाही. दिवसाचे जोड मोजले जातात, काचा मोजून दिल्या जातात, एकच चष्मा तिघांत फिरतो. तेव्हा ती सुचते. म्हणून दोष केवळ हाताला देऊन मालकाची सुटका होत नाही. पुरेशा काचा, प्रत्येकाला चष्मा आणि काम थांबविण्याचा अधिकार या तीन गोष्टी कामगाराला मिळाल्या पाहिजेत. त्यांतील तिसरी फुकट आहे आणि तीच सर्वांत दुर्मीळ आहे.

या परिसरात आता नवी विद्यापीठे आहेत. २०१६ साली स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्थाही आहे. नव्या पिढीच्या हाती जुन्या भट्टीपेक्षा वेगळी साधने येतील. त्यांना माझे सांगणे एवढेच की, आपल्या वडिलांनी रंग पाहून धातू ओळखला, ती विद्या थोर होती. पण या किरणाला रंग नाही. त्याला ओळखण्याचा मार्ग म्हणजे कुलूप, किल्ली, चष्मा, वही आणि स्वच्छ पुसलेली काच.