साखर, पुडी आणि हाडे
(विसरवाडी येथे आरोग्य तपासणीच्या दिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर)





आम्ही डॉक्टर नाही. बँकेत कारकून आहोत, शिक्षण बी.ए. पर्यंतचे, तेही मराठी विषय घेऊन. मग मधुमेहावर आम्ही काय बोलणार, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. संस्थेच्या चिटणीसांना आम्हीही तेच म्हणालो. ते म्हणाले, डॉक्टर औषध सांगतील, तुम्ही घरात काय घडले ते सांगा. म्हणून उभे आहोत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मधुमेह होता हे आपण जाणतोच. पायांतल्या मज्जातंतूंच्या वेदनांनी त्यांना कित्येक रात्री झोप लागत नसे. मुंबईत डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी 15 एप्रिल 1948 रोजी त्यांचा विवाह झाला, त्यामागे या आजारपणाचाही भाग होता. पुढे पथ्यपाणी आणि औषधे माईसाहेबांनी सांभाळली. त्याच वर्षी 4 नोव्हेंबरला बाबासाहेबांनी संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे मांडला. त्या काळी साखर मोजण्याची घरगुती रीत म्हणजे लघवी निळ्या द्रावणात उकळायची. रंग हिरवा, पिवळा की विटकरी होतो त्यावरून अंदाज करायचा. एवढ्या तुटपुंज्या साधनांवर त्या माणसाने आठ-नऊ वर्षे काम रेटले. आज बोटाला सुई टोचली की काही सेकंदांत आकडा दिसतो. तरी आम्ही, चार अक्षरे शिकलेली माणसे, फसलो.

आमच्या आईचे गुडघे दुखत. 2021 साली बाजारात कोणाकडून तरी तिने कागदाच्या पुड्या आणल्या. नाव नाही, छाप नाही. सकाळ-संध्याकाळ एकेक. चौथ्या दिवशी आई चुलीपुढून हाताचा टेकू न घेता उठली. आम्हाला आनंद झाला, आम्हीच पैसे देऊन आणखी पुड्या मागवल्या. हे मुद्दाम सांगतो, कारण दोष नुसता विकणाऱ्याचा नव्हता.

सहा महिन्यांत आईची भूक वाढली, तहान वाढली. तपासले तर साखर तीनशेच्या वर. डॉक्टरांनी गोळी दिली, मग दोन दिल्या, साखर हलेना. डॉक्टर विचारीत, पथ्य पाळता का, भात किती खाता. पुडीचे त्यांनी विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही. पुडी म्हणजे औषध, हेच आमच्या डोक्यात नव्हते!

उलगडा झाला तो काउंटरवर. श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला आई रांगेत आली. आमची सवय अशी, की पासबुकावरचा फोटो आणि समोरचा चेहरा पाहायचा. फोटोत गालफडे बसलेली बाई, समोर गोल, तांबूस चेहऱ्याची. पोट सुटलेले, हातपाय मात्र काड्या, दंडावर काळेनिळे डाग. परकी बाई असती तर आम्ही ओळख पटवायला दुसरा कागद मागितला असता. आजूबाजूला पाहिले तर रांगेत आणखी दोन-तीन चेहरे तसेच सुजल्यासारखे. त्या रात्री आम्ही पुड्यांचा प्रश्न काढला. आई म्हणाली, "पुडी घेतली की पाय चालतात. तुझ्या डॉक्टरच्या गोळीनं काय चालतं?" आम्ही रागाच्या भरात सगळ्या पुड्या चुलीत घातल्या.

ही आमची दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. तिसऱ्या दिवशी आईला उलट्या सुरू झाल्या, उठता येईना, रक्तदाब खाली गेला. गाडी करून मोठ्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी आईचा चेहरा पाहिला आणि पहिलाच प्रश्न केला, "बाई, दुखण्याची पुडी घेता का?"

त्यांनी समजावले ते आमच्या शब्दांत सांगतो. अशा बेनामी पुड्यांत बहुधा स्टेरॉइड असते. आपल्या मूत्रपिंडांवर दोन लहान ग्रंथी बसलेल्या आहेत. त्या याच जातीचा एक रस रोज तयार करतात. संकटात रक्तदाब आणि साखर टिकते ती त्या रसावर. तोच रस बाहेरून भरपूर येऊ लागला की ग्रंथी काम थांबवतात, झोपी जातात. बाहेरचा पुरवठा एका दिवसात तोडला तर आत काहीच तयार नसते, आणि माणूस कोसळतो. म्हणून काही आठवडे स्टेरॉइड घेतलेल्याने ते आपल्या मनाने एकदम बंद करायचे नाही. डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू उतरवायचे. आईला कित्येक महिने लागले. साखर पुष्कळ उतरली, पण गेली नाही. एक गोळी अजून आहे.

हाडांचे नुकसान मात्र भरून आले नाही. स्टेरॉइडने हाड आतून पोकळ होते. आईच्या पाठीचा एक मणका बसला आहे, उंची कमी झाली आहे. पाण्याची कळशी ती आता उचलत नाही. दीर्घकाळच्या मधुमेहातही हाड ठिसूळ होते, आणि घनतेची तपासणी चांगली आली तरी ते मोडू शकते, असे डॉक्टर म्हणतात. म्हणून साखरेच्या वृद्ध रोग्याने ओल्या मोरीत जपून पाय टाकावा.

आणखी एक गोष्ट आपल्या भागापुरती. तीन महिन्यांची साखर सांगणारी एक रक्ततपासणी असते, तिला एचबीएवनसी म्हणतात. बँकेच्या भाषेत ही खात्यातली सरासरी शिल्लक. रक्तातली तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, तेवढ्या दिवसांत तिला किती साखर चिकटली ते मोजतात. पण सिकलसेलच्या रोग्याची पेशी दहा-वीस दिवसांतच मरते. खाते पंधरा दिवसांत बंद झाले तर सरासरी कशी निघणार? साखर जास्त असूनही आकडा कमी येतो, आणि माणूस निर्धास्त घरी जातो. सातपुड्याच्या पट्ट्यात आदिवासी बांधवांत सिकलसेल पुष्कळ आहे, विदर्भात आपल्या समाजातही आहे. अशांनी त्या एका आकड्यावर विसंबू नये. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर मोजून घ्यावी. सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून सांधा निकामी होतो, तेही पुष्कळदा वात म्हणून खपवले जाते. मग माणूस जातो पुडीवाल्याकडेच.

डॉक्टरांसमोर बसल्यावर त्यांनी विचारले नाही तरी आपण सांगायचे: पुडी, काढा, इंजेक्शन, शेजारणीने दिलेली गोळी, सगळे. सिकलसेलचे कार्ड असेल तर तेही दाखवायचे. लाजायचे कारण नाही. आमच्या आईने शेवटची एक पुडी कनवटीला लपवून ठेवली होती, ती दवाखान्यात स्वतःच काढून दिली. आज ती बायकांच्या रांगेत बसली आहे. पासबुकावर नवा फोटो लावायचा म्हणते, आम्ही टाळतो आहोत.

तपासणीचे टेबल मागच्या खोलीत लावले आहे. सकाळपासून उपाशी आलेल्यांना आणि म्हाताऱ्यांना आधी जाऊ द्यावे. ज्यांच्याजवळ पुड्या असतील त्यांनी त्या फेकू नयेत, डॉक्टरांच्या हातात द्याव्यात.

जयभीम.