मुलींसाठीं ठेवलेली वर्गणी



भाऊबीज जवळ आली, कीं कांहीं घरांच्या दारांत एक पावतीपुस्तक येतें. महर्षि कर्वे यांनीं स्थापिलेल्या स्त्रीशिक्षणसंस्थेचा भाऊबीज निधि गोळा करणारे सेवक तें घेऊन येतात. बहिणीस घालावयाच्या ओवाळणींतून थोडें, न पाहिलेल्या बहिणींसाठीं द्यावें, एवढीच ती कल्पना. मुलींच्या अंगीं कौशल्य आणि धीटपणा यावा, असें आपण सर्वच म्हणतों. परंतु त्याचा खर्च कोणीं सोसावा हा प्रश्न निघाला, कीं आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतों.

१८९६ सालीं कर्व्यांनीं पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० मध्यें तो हिंगण्यास एका झोपडींत गेला. कर्वे फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत आणि हिंगण्याहून पायीं येत-जात. १९१६ मध्यें महिला विद्यापीठ निघालें. १९२० मध्यें सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं त्यास १५ लक्ष रुपये दिले. ती देणगी सर्वांच्या स्मरणांत आहे, आणि असावीच. पण तत्पूर्वींचीं वीसांहून अधिक वर्षें हें कार्य तगलें, तें दारोदार मागितलेल्या लहानमोठ्या वर्गण्यांवर.

त्या वर्गण्यांचें फळ काय, हें पार्वतीबाई आठवल्यांच्या चरित्रांत दिसतें. त्या कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्या भगिनी. तरुणपणींच वैधव्य आलें. शिक्षण झालें तें पुण्यास आल्यावर. पुढें त्याच आश्रमासाठीं गांवोगांव व्याख्यानें देऊन वर्गणी मिळवूं लागल्या. १९१८ मध्यें इंग्रजी शिकावें म्हणून एकट्या अमेरिकेस गेल्या आणि तेथें लोकांच्या घरीं घरकाम करून पोट भरलें. जिच्यासाठीं समाजानें हात पसरला, तीच समाजापुढें उभी राहून मागूं लागली. आत्मविश्वास म्हणतात तो हाच.

हा गुण उपदेशानें येत नाहीं. मुलीनें स्वतः हिशेब लिहावा, चारचौघांत बोलावें, चुकावें आणि पुन्हां करावें, तेव्हां तो येतो. त्यास वेळ लागतो, आणि शिकविणारी बाई वर्षानुवर्षें टिकावी लागते. आपले दाते मात्र इमारतीस सढळ हातानें देतात, कारण भिंतीवर नांवाची पाटी बसते. बाईंच्या पगारावर पाटी बसवितां येत नाहीं. मग शिवणयंत्रें येतात, छायाचित्र निघतें, आणि सहा महिन्यांनीं वर्ग बंद पडतो. यांत केवळ पैसा बुडत नाहीं. अर्ध्यावरून घरीं परतलेली मुलगी ‘हें आपल्यासाठीं नव्हतेंच’ अशी समजूत घेऊन जाते, आणि दुसऱ्या वेळीं तिला बोलावणें अधिक कठीण होतें.

कोणी म्हणेल, शाळा आहेत, सरकार आहे. आमच्या चार रुपयांनीं काय होणार? शाळेनें अक्षर द्यावें, हें खरेंच. परंतु शाळा सुटल्यावर, किंवा मध्येंच सुटून गेल्यावर, वस्तींतल्या मुलीस जवळ बसविणारा वर्ग शेजाऱ्यांच्या आधारावांचून टिकत नाहीं.

म्हणून माझी विनंती लहान आहे. आपल्या गांवांतील असा एक वर्ग प्रत्यक्ष जाऊन पाहावा. हिशेब कोण ठेवतें, हें विचारावें. मुलीच ठेवीत असतील तर अधिकच चांगलें. आणि मग दूध व वर्तमानपत्र यांच्या खालीं, दरमहाच्या जमाखर्चांत, त्या वर्गाच्या नांवें एक ओळ लिहावी. रक्कम लहान असली तरी चालेल. ती ओळ मात्र कोणत्याही महिन्यांत गळूं नये.